जुन्या गाडीचे ब्रेक लाइट आणि इंडिकेटर: वायरिंग करताना या चुका टाळा

इंडिकेटर लावला की सोबत टेल लॅम्पही लुकलुकतो, नाहीतर ब्रेक दाबला की इंडिकेटर उगाच मंद पेटतो. गाडी फियाट असो, अ‍ॅम्बेसेडर, हेराल्ड किंवा मॉरिस मायनर, ही तक्रार ठरलेली. त्यावरचा उपायही ठरलेलाच: पुण्यात स्पेअर पार्टसाठी नाना पेठ गाठायची, नवा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) आणायचा, मग बल्ब, मग स्विच. पैसे जातात, दिव्याचं रडगाणं चालूच.

अर्थिंग न तपासता पार्ट बदलणं, ही सगळ्यात महागडी चूक. या गाड्यांमध्ये करंट परत बॅटरीकडे जातो तो पत्र्यातून; ही परतीची वाट म्हणजेच अर्थ. बल्बचं बूड, होल्डर, दिव्याची बॉडी, दोन स्क्रू आणि मग पत्रा, अशी साखळी असते. तिच्यात कुठेही गंज किंवा रंग आला की करंट दुसरी वाट शोधतो आणि ती वाट बहुतेक वेळा शेजारच्या फिलामेंटमधून जाते. म्हणून नको तो दिवा पेटतो. गंमत म्हणजे नुकतंच डेंटिंग-पेंटिंग करून चकाचक झालेल्या गाडीत हा त्रास जास्त. दिव्याखाली रबराचं गॅस्केट, त्याखाली रंगाचे तीन-चार थर, आणि बिचारा स्क्रूसुद्धा रंगात बुडालेला.

तपासणी दिवा पेटलेला असतानाच करा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक होल्डरच्या धातूला, दुसरं बॅटरीचं जे टर्मिनल गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं त्याला लावा आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ खराब. ओहमच्या रेंजवर बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर तिथे छान आकडा दाखवतो, पण २१ वॉटच्या बल्बचा पावणेदोन अँपिअरचा भार आला की तिचा दम निघतो. स्क्रूखालचा पत्रा पॉलिश पेपरने उघडा करा, दातेरी वॉशर घाला, वर व्हॅसलीन लावा. माझं मत विचाराल तर प्रत्येक होल्डरपासून वेगळी काळी वायर काढून डिकीतल्या एकाच बोल्टवर आणावी. गाडीच्या मूळपणाला धक्का लागत नाही, आणि पुण्याचा पावसाळा संपला की एकच जागा तपासायला लागते.

होल्डर हातात घेऊन नीट बघा. तळाच्या पितळी टिकलीवर हिरवट थर, मागची स्प्रिंग मऊ पडलेली, बोटाने दाबली तर परत वर येत नाही. असा होल्डर घासून फार दिवस टिकत नाही, बदलाच. डबल फिलामेंटच्या २१/५ वॉट (ब्रेकला २१, टेलला ५) बल्बच्या दोन्ही पिना एका उंचीवर नसतात. तो उलटा बसू नये म्हणूनच तशा केलेल्या असतात. तरी पिन कानशीने घासून बल्ब दामटून बसवणारे वायरमन भेटतात. मग टेल लॅम्प रात्रभर भगभगतो आणि ब्रेकला जेमतेम ५ वॉटचा उजेड.

ब्रेकचा स्विच हायड्रॉलिक असेल तर पाइपमध्ये दाब आल्यावरच तो लागतो. जुना झाला की हलक्या पायाने मारलेला ब्रेक त्याला कळतच नाही. विद्यापीठ चौकाच्या रांगेत रांगताना हेच होतं, आणि मागचा स्कूटरवाला बंपरला येऊन टेकतो. स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा. दिवा लागला तर दोष स्विचचा. स्विच बदलल्यावर ब्रेकची हवा काढायला विसरू नका. आणि बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत ब्रेक लाइट इग्निशन चालू असेल तरच लागतात. चावी न फिरवता तपासत बसलात तर नसलेला फॉल्ट सापडेल.

ब्रिटिश गाड्यांचे इलेक्ट्रिक पार्ट बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या वायरींच्या रंगांची ओळख असली की निम्मं काम होतं: हिरवी-जांभळी ब्रेकची, हिरवी-लाल डाव्या इंडिकेटरची, हिरवी-पांढरी उजव्या, काळी अर्थची. मात्र आधी कुणी हात घातला असेल तर रंगावर भरवसा ठेवू नका, टेस्ट लॅम्प लावूनच खात्री करा.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं सापडतं. तिथे अर्थची वायर लागणारा हल्लीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर चालत नाही, एलईडी बल्बही बहुधा पेटत नाही. ६ व्होल्टची गाडी असेल तर तेवढ्याच वॉटला करंट दुप्पट लागतो. म्हणून वायर जाड घ्या.

एलईडीचा मोह तसाही सांभाळूनच करावा. जुना थर्मल फ्लॅशर बल्बच्या करंटने तापून टिकटिकतो. एलईडी इतका कमी करंट घेतो की फ्लॅशर हलतच नाही. डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना मिळून एकच पायलट दिवा (इंडिकेटर चालू असल्याचं दाखवणारा) असेल तर डावा लावला की उजवाही लुकलुकू शकतो. लाल काचेमागे पांढरा एलईडी लावला की ब्रेक लाइट गुलाबी दिसतो, तो भाग वेगळा.

बाकी, घरातली एकतारी वायर गाडीत घालू नका, थरथरीने तुटते. वायर जाते त्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडी) हवाच. चिकटपट्टीऐवजी हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी), आणि नव्या लाइनला स्वतःचा फ्यूज.

सगळं झाल्यावर इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. डायनॅमोच्या गाडीत सिग्नलला थांबल्यावर तो मंदावला तर लगेच वायरिंग उघडू नका. आयडलिंगला डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबा. टिकटिक सुधारली तर आधी बॅटरी आणि डायनॅमोचा पट्टा बघा.