व्हिनाइल फ्लोअरिंग बिघडलंय? आधी नीट तपासा

फ्लोअरिंग खराब दिसलं की बरेच जण लगेच पॉलिश आणतात. मी आधी टॉर्च घेते. खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवी धरा. वरून न दिसणारे फुगे, खड्डे, उचललेले सांधे सावल्यांमुळे लगेच उघडे पडतात.

निस्तेज भागावर ओलं पांढरं फडकं घासा. फडकं मळलं आणि खाली चमक आली, तर तो साबणाचा थर आहे. कोमट पाण्याने पुसत राहिलात की जाईल. चमक आलीच नाही, तर बहुधा वरचा संरक्षक थर झिजलाय. ओरखड्यावरून नख फिरवा, अडकलं तर तो खोल आहे.

पिवळ्या डागांकडे मात्र वेळ देऊन पाहा. रबरी तळाच्या पायपुसण्याखाली त्याच आकाराचा डाग असेल, तर रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये मुरली आहेत. हा डाग घासून जात नाही, उगाच ब्लीच ओतून फ्लोअरिंगचे हाल करू नका.

फुगा बोटाने दाबा. बसून पुन्हा वर आला, तर गोंद सुटलाय. जवळच्या सांध्यात ओल किंवा कुबट वास असेल, तर पाणी कुठून येतंय ते सापडेपर्यंत नवा गोंद लावू नका.