भरती हुकल्यानंतर पुन्हा तयारी करताना या चुका टाळा

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली दिसतात. यांतील अनेकांची पहिली भरती हुकते. दुसऱ्या तयारीत कष्ट कमी पडतात असे क्वचितच घडते. आपण नेमके कुठे मागे पडलो हे न पाहता सगळेच नव्याने सुरू केले जाते आणि तेथेच वर्ष वाया जाते.

म्हणून निकालानंतर सर्वांत आधी स्वतःच्या गुणांची फोड करावी. शिपाई पदासाठी मैदानी चाचणी 50 गुणांची आणि लेखी परीक्षा 100 गुणांची असते. मैदानीत किमान निम्मे गुण मिळवणाऱ्यांमधून, प्रवर्गनिहाय एका जागेमागे दहा या प्रमाणात, उमेदवार लेखीसाठी निवडले जातात. जो मैदानीतच थांबला आणि जो लेखीत गणितामुळे मागे राहिला, त्या दोघांचे दुखणे वेगळे आहे. तरीही दोघे एकाच अकादमीत, एकाच वेळापत्रकाने पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतात, हे मला फार खटकते. उत्तरतालिका समोर ठेवून मराठी व्याकरण, गणित, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान यांतील चुका स्वतंत्र मोजल्या, तर पुढच्या सहा महिन्यांचे निम्मे नियोजन तिथेच होते.

मैदानी चाचणीतील सर्वांत महागडी चूक 1600 मीटरच्या पहिल्या फेरीत होते. पुरुष उमेदवाराला या धावेचे पूर्ण 20 गुण हवे असतील, तर 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आत यावे लागते, म्हणजे 400 मीटरच्या प्रत्येक फेरीस सुमारे 77 सेकंद मिळतात. शिट्टी वाजताच घोळक्यासोबत सुसाट सुटलेला मुलगा पहिली फेरी 65-66 सेकंदांत काढतो, तिसऱ्या फेरीत त्याचे खांदे वर चढतात, श्वास तोंडाने ओढला जातो, आणि सुरुवातीला कमावलेले सेकंद दुपटीने परत जातात. मागच्या वेळी असे झालेल्याने अंतर वाढवत बसू नये. घड्याळ हातात घेऊन एकेक फेरी ठरलेल्या वेळेतच संपवण्याचा सराव करावा. मुलींच्या 800 मीटर धावेलाही, जिथे पूर्ण गुणांची वेळ 2 मिनिटे 50 सेकंद आहे, हेच लागू पडते. गोळाफेकीचे 15 गुण मात्र बहुतेक जण नशिबावर सोडतात, वास्तविक पायांचा जोर आणि हाताचा कोन सुधारून तेथे लवकर फरक पडतो.

अपयशाच्या रागात दुसऱ्याच दिवसापासून दुप्पट धावणे ही आणखी एक चूक. डांबरी रस्त्यावर एकदम अंतर वाढवल्याने नडगी दुखू लागते, दुखणे अंगावर काढले जाते आणि ऐन भरतीच्या वेळी पाय साथ देत नाही. शक्यतो मातीच्या मैदानावर धावावे, अंतर आठवड्यागणिक थोडेथोडेच वाढवावे आणि नडगीवर एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांत उजाडण्यापूर्वीच सराव संपवणे शहाणपणाचे आहे. ऋतूचा अंदाज बांधून तयारी थांबवणेही धोक्याचे, कारण मैदानी चाचण्या एकदा जानेवारी 2023 मध्ये झाल्या आणि पुढच्या वेळी 17,471 पदांसाठी 19 जून 2024 पासून, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाल्या. चिखलात पाय कसा पडतो हे आधी अनुभवलेले बरे.

गावातले बोलणे हा भाग तयारीच्या पुस्तकांत नसतो, पण अनेकांना तोच जास्त थकवतो. पारावर कोणी सहज विचारतो, “यंदाबी व्हयनं नही का भो?”, आणि मुलगा अभ्यासिकेचा रस्ता बदलतो. मुलींच्या बाबतीत एक भरती हुकली की स्थळे पाहणे सुरू होते. येथे गप्प बसणे ही चूक आहे. आई-वडिलांसमोर गुणपत्रक ठेवून, किती गुण कमी पडले, ते कुठून येऊ शकतात आणि वयाची किती वर्षे उरली आहेत (खुल्या प्रवर्गासाठी मर्यादा 28, मागास प्रवर्गासाठी 33), हे स्पष्ट सांगितले, तर बरीच घरे ऐकतात. निदान मुदत तरी ठरते. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतावर किती वेळ द्यायचा, हेही त्याच बैठकीत बोलून घ्यावे.

शिपाई पदाला बारावी पुरते, म्हणून पदवी अर्धवट सोडणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. पदवी असेल तर लोकसेवा आयोगामार्फत उपनिरीक्षक पदाची परीक्षाही देता येते. बहिःस्थ पद्धतीने का होईना, ती पूर्ण करावी.

शेवटची बाब कागदपत्रांची. मैदान आणि लेखी दोन्ही पार करूनही नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत संपलेली असल्याने किंवा नावातील फरकामुळे उमेदवार पडताळणीत अडकतात. मागच्या वेळी वापरलेल्या प्रत्येक दाखल्याची तारीख आताच तपासावी आणि जूनमध्ये शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशांची गर्दी सेतू केंद्रांवर उसळण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज देऊन टाकावा.