रेडिओहेडचा 'किड ए' कसा ऐकायचा, खास गिटारची वाट बघणाऱ्यांसाठी

रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' हा अल्बम आवडला म्हणून लगेच पुढचा 'किड ए' लावला आणि दुसऱ्याच गाण्याला "हे काय चाललंय, गिटार कुठाय" म्हणत बंद केला, अशी मंडळी माझ्या ओळखीत भरपूर आहेत. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनची पाच पोरं, १९९७ ला लोकांनी डोक्यावर घेतलेला गिटार बँड, आणि ऑक्टोबर २००० मध्ये येतात ते असा अल्बम घेऊन ज्यातून एकही सिंगल (सुटं वेगळं काढलेलं गाणं) काढलं नाही, नेहमीसारखा म्युझिक व्हिडिओ नाही, गायकाचा आवाजसुद्धा कुठे कुठे मशीनमधून पिळून काढलेला. तेव्हा समीक्षकांमध्येच दोन तट पडले होते, आणि तरी अल्बम इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे थेट एक नंबरला गेला. माझं म्हणणं एवढंच आहे की पाचही जण ह्यात आहेत, फक्त कोण कुठे लपलंय ते शोधत ऐकायचं, मग हा अल्बम अजिबात अवघड नाही.

आधी तयारी, जास्त काही नाही. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, ह्यात खालचा बेसच निम्मं काम करतो आणि फोनला तो झेपत नाही. साधे इअरफोन चालतील, बरे हेडफोन असतील तर उत्तम. शफल बंद, अ‍ॅपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं पुढच्यात मिसळणं) चालू असेल तर तेही बंद करा नाहीतर गाण्यांच्या मधल्या जागा खाल्ल्या जातात. सगळा मिळून साधारण ५० मिनिटांचा मामला आहे, बसच्या एका प्रवासात होतो. आणि हो, लिरिक्स उघडून बसू नका प्लीज. गायक थॉम यॉर्कने बऱ्याच ओळी कागदावर लिहून, कापून, टोपीत टाकून, हाताला येतील तशा उचलून जोडल्यात, तेव्हा अर्थ लावत बसलात तर डोकं दुखेल आणि गाणं निघून जाईल.

आता पहिल्यांदा ऐकताना पहिल्या गाण्यापासून सुरू करूच नका. कट्टर फॅन मला मारतील पण रॉक ऐकणाऱ्या माणसाने तिसऱ्यापासून, म्हणजे 'द नॅशनल अँथम'पासून घुसावं. एक बेस रिफ, म्हणजे परत परत येणारी छोटी धून आहे, तीच, शेवटपर्यंत तीच, आणि ती बेसिस्ट कॉलिन ग्रीनवुडने नाही तर थॉमने स्वतः वाजवलीये. त्यावर फिल सेल्वेचे खरेखुरे ड्रम्स. इथपर्यंत ओळखीचं वाटेल. मग ब्रास येतं, सॅक्सोफोन ट्रंपेट ट्रॉम्बोन सगळे एकाच वेळी भांडल्यासारखे. ही आयडिया चार्ल्स मिंगसच्या जॅझवरून घेतलेली, आणि रेकॉर्डिंगला थॉम आणि गिटारिस्ट जॉनी ग्रीनवुड त्या वादकांसमोर उड्या मारून कुठे चढायचं कुठे उतरायचं ते दाखवत होते म्हणे. पहिल्यांदा नुसता गोंगाट वाटेल, तेव्हा एक करा, लक्ष बेसवर धरून ठेवा आणि ब्रासला वरून जे करायचं ते करू द्या. दोनतीन वेळा असं ऐकलंत की गोंगाटातली वेगवेगळी वाद्यं आपोआप सुटी व्हायला लागतात.

त्याच्या लगेच पुढे 'हाऊ टु डिसअपिअर कम्प्लीटली'. अ‍ॅकॉस्टिक गिटार आहे, घ्या! स्ट्रिंग्ज (व्हायोलिन वगैरे) ऑक्सफर्डशायरच्याच डॉर्चेस्टर अ‍ॅबीमध्ये रेकॉर्ड केल्यात, म्हणजे चर्चमध्ये, आणि तो घुमारा ऐकू येतो. पण लक्ष द्यायचं ते त्यामागच्या रडल्यासारख्या लांब सुरांकडे. ते ऑन्ड मार्तनो, १९२८ मध्ये लोकांसमोर आलेलं फ्रेंच इलेक्ट्रॉनिक वाद्य, त्यात बोटात अंगठी घालून ती तारेवर सरकवत सूर काढता येतो. त्यामुळे सूर एकापासून दुसऱ्यावर उडी मारत नाही, घसरत जातो, आपल्याकडे मींड ऐकून तयार झालेल्या कानाला हे लगेच कळेल. जॉनी ग्रीनवुडला ह्याचं वेड फ्रेंच संगीतकार मेस्सियांच्या सिंफनीमुळे लागलं, अगदी शाळकरी वयात.

हे दोन पचले की मग पहिल्यापासून लावा.

'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस' मध्ये गिटार शोधू नका, नाहीचे. प्रॉफेट-५ नावाचा जुना सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आणि थॉमच्या आवाजाचे तुकडे, बास. ठेका दहा मात्रांचा आहे, टाळी-खाली शोधत न बसता सरळ पायाने दहा मोजत रहा, एकदा आवर्तन सापडलं की गाणं बसल्या जागी फिरायला लागतं. दुसरं 'किड ए', जिथे सगळे पळतात, तिथे थॉमने शब्द नुसते बोललेत आणि त्याला सूर दिलेत जॉनीने त्याच ऑन्ड मार्तनोवरून, वोकोडरमधून, म्हणजे बोलण्याला वाद्याचे सूर चढवणाऱ्या यंत्रातून. म्हणजे गातोय कोण असं विचाराल तर दोघं मिळून एक. हे माहीत नसताना ते गाणं विचित्र वाटतं आणि माहीत असताना मला तरी ते अल्बममधलं सगळ्यात हळवं वाटतं.

'ट्रीफिंगर्स' मध्ये ड्रम नाही, शब्द नाही, स्किप करायचा मोह होईल. पण गिटार कुठाय गिटार कुठाय करत होतात ना, हे सगळं एड ओब्रायनची गिटारच आहे, कॉम्प्युटरवर ताणून ओळखू न येण्याइतकी पातळ केलेली. 'ऑप्टिमिस्टिक' बद्दल काही सांगायची गरज नाही, सरळ गिटार गाणं आहे, रेडिओवाल्यांनी तेच उचललं होतं. मला विचाराल तर सगळ्यात कमी मजेशीर तेच. 'इन लिम्बो' वाहून जाऊ द्या.

आता 'इडिओटेक'. ह्याला वेळ द्या. थॉम तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या वॉर्प लेबलचं सगळं ऐकत होता, एफेक्स ट्विन, ऑटेकर वगैरे, आणि ते इथे दिसतं. जॉनीने साधारण ५० मिनिटांचं स्वतःचं मशीनशी खेळणं रेकॉर्ड करून थॉमला दिलं आणि थॉमने त्यातला मिनिटभराहूनही छोटा तुकडा उचलून गाणं केलं. त्या तुकड्यात जे चार कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) फिरतात ते पॉल लॅन्स्कीच्या १९७३ च्या कॉम्प्युटर म्युझिकमधले, प्रिन्स्टनमध्ये आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे तेव्हाच्या अवाढव्य कॉम्प्युटरवर केलेले. ऐकताना आधी फक्त ठेका धरा, पुढच्या वेळी फक्त ते चार कॉर्ड्स, मग आवाज. ठेका आणि कॉर्ड्स एकमेकांशी काही बोलतच नाहीत आणि थॉम दोघांच्या मधे धापा टाकत पळतोय हे लक्षात आलं की हे गाणं मोठ्या आवाजात लावावंसं वाटतं, शेजाऱ्यांचं बघून घ्या.

'मॉर्निंग बेल' पाच मात्रांचं. शेवटच्या 'मोशन पिक्चर साउंडट्रॅक' मध्ये जे धापा टाकणारं वाद्य आहे ते पायाने भाता मारायचा ऑर्गन, आपल्या संगीत नाटकांत साथीला असतो त्याच जातीचा, त्याच्या भात्याची आणि पॅडलची कुरकुरसुद्धा ऐकू येते. गाणं संपलं की लगेच बंद करू नका! सीडीवर बरीच शांतता आहे आणि मग मिनिटभराचा एक तुकडा येतो, स्ट्रीमिंगवर तो काही ठिकाणी वेगळा ट्रॅक म्हणून दिसतो.

नंतर काय? त्याच सेशन्समधून जून २००१ मध्ये 'अ‍ॅम्नेसिअ‍ॅक' आला, त्यात 'मॉर्निंग बेल' वेगळ्या चालीने आहे, दोन्ही पाठोपाठ लावून बघा. २०२१ ला दोन्ही अल्बम एकत्र 'किड ए म्नेसिया' म्हणून परत काढले, नवीन विकत घेणार असाल तर तेच घ्या. आणि एवढं करूनही "हे काय, कॉम्प्युटरने वाजवलंय सगळं" असंच वाटत असेल तर २००१ चं लाइव्ह रेकॉर्डिंग 'आय माइट बी राँग' ऐका, त्यात 'नॅशनल अँथम' आणि 'इडिओटेक' दोन्ही आहेत. शिवाय कुठल्याही कॉन्सर्टच्या व्हिडिओत 'एव्हरीथिंग' बघा, थॉम गातोय आणि जॉनी जमिनीवर बसून तोच आवाज तिथल्या तिथे छोट्या पॅडवर बोटांनी कापून परत फेकतोय.