गंजाड ते बोर्डी: भरतीवर बेतलेला एक दिवस

माझं माहेर घोलवडचं. त्यामुळे ओळखीतल्या कुणालाही एका दिवसाची सहल काढायची झाली की फोन मलाच येतो. समुद्र हवा, वाइनरी हवी, हातानं केलेलं काहीतरी घ्यायला मिळावं आणि रात्री झोपायला आपल्या घरी. वाइनरी म्हटलं की नाशिक आठवतं, पण तिथे समुद्र नाही. मी सरळ डहाणू-बोर्डी सांगते.

हॉटेल, जेवण हे सगळं नंतर. आधी भिंतीवरचं कॅलेंडर उघडा आणि तिथी बघा. बोर्डीचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी पार लांब निघून जातं. सुरूच्या झाडांखाली उभं राहून समोर नुसती ओली पुळण बघायची. आमच्याकडचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच. पक्ष कुठलाही चालतो. इकडे भरती मुंबईपेक्षा थोडी उशिरा येते, ते धरून पंचमी ते सप्तमीतला दिवस पकडा, म्हणजे संध्याकाळी पाणी पायाशी असेल. रविवारी तिथी जुळत नसेल तर रजा टाका, मी तरी टाकते.

माणसं सहा, फार तर सात. एका गाडीत मावतील तेवढीच. बस भरून गेलात तर चित्रकाराच्या ओसरीवर बसणार कुठे?

बोरिवलीहून सकाळी सहाला निघा. अहमदाबाद हायवेने चारोटीपर्यंत, तिथून डहाणूकडे वळा. चैत्र पौर्णिमेनंतर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा असते, तेव्हा या रस्त्याला जाऊ नका. अर्धा दिवस गाडीतच जाईल.

वाटेत गंजाड. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे याच गावचे. 2011 साली पद्मश्री, 2018 साली गेले. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी चौक (लग्नाचं चौकोनी चित्र) लिहायच्या, ती कला कागदावर आणून जगभर नेली ती त्यांनी. या पट्ट्यात आजही बरेच जण चित्रं काढतात, पण ते शेतीचीही कामं करतात, म्हणून आधी फोन करून वेळ ठरवा आणि निदान दीड तास द्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेला कुंचला, खाली गेरू किंवा शेणाचा हात दिलेलं कापड. माणूस काढताना दोन त्रिकोण टोकाला टोक लावून येतात आणि मग एका फटक्यात हातपाय. तारप्याचा फेर, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा गोल नाच, काढायला सांगा. आतून बाहेर उलगडत जाताना बघण्यासारखा असतो.

घेताना चित्र तिरकं धरून बघा. हाताच्या रेघेत रंग कुठे दाट, कुठे विरळ असतो आणि बोटाला उंचवटा लागतो. छापील असेल तर सगळं एकसारखं गुळगुळीत. आणि घासाघीस करू नका हो. तळहाताएवढ्या तुकड्यावरही सकाळ मोडलेली असते.

मग डहाणू, आणि तिथून किनाऱ्याचा रस्ता: नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी. एका बाजूला सुरू, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. जेवण बोर्डीत, आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं. पारशी घरगुती जेवण मिळालं तर दुसरं काही बघूच नका.

दुपारच्या उन्हात वाइनरी. बोर्डीतली हिल झिल वाइन्स चिकूची वाइन करते. जाण्याआधी फोन करून विचारा. द्राक्षाची चव मनात धरून घोट घेतलात तर गोंधळ होईल. थंडगारच घ्या आणि आधी वास घ्या. गाडी चालवणाऱ्याने वासावरच थांबायचं.

घरी न्यायला चिकू वाडीवरूनच घ्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून नावावर खपवणारेही वाढलेत. फळावर नखाने हलकेच ओरखडा काढा (वाडीवाल्याला विचारून!). आत हिरवं दिसलं तर कोवळं, ते पिकणार नाही, नुसतं सुकेल. पिवळसर दिसलं तर घ्या, कागदात गुंडाळून ठेवा, दोन-चार दिवसांत मऊ होतं.

साडेचारपर्यंत किनाऱ्यावर पोचा. पाणी असेलच.

एक मात्र लक्षात असू द्या. बोर्डीपासून गुजरातची हद्द अगदी जवळ. आलोच आहोत तर तिकडच्या उदवाड्याला, पारशांच्या तीर्थक्षेत्री, जाऊन येऊ, असं कुणीतरी हटकून म्हणतं. पलीकडे दारूबंदी आहे, त्यामुळे गाडीत वाइनची बाटली असेल तर तो विषय तिथेच संपवा. परत यायचं त्याच रस्त्याने, डहाणू-चारोटीवरून. सूर्य बुडाल्यावर लगेच निघालात तर साडेनऊ-दहापर्यंत बोरिवली.