किनाऱ्यावरची आकडेवारी : २०२६-२७ च्या कामाची तयारी

किनारी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात सांख्यिकीचे काम सांभाळणाऱ्यांनी येत्या वर्षासाठी सर्वांत आधी दिनदर्शिका हाती घ्यावी, आणि तीही कार्यालयाची नव्हे तर समुद्राची. कार्यालयाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. समुद्राचे वर्ष १ ऑगस्टला उघडते आणि ३१ मेला मिटते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते, म्हणजे आपल्या आर्थिक वर्षाचे पहिले दोन महिने सरत्या हंगामाचे, पुढचे दोन बंदीचे आणि उरलेले आठ नव्या हंगामाचे असे तीन तुकडे पडतात. वार्षिक उत्पादनाचा आकडा या तिन्हींची बेरीज असतो, पण वाचणाऱ्याला तो एकाच हंगामाचा वाटतो. म्हणून वर्षाच्या आकड्याशेजारी हंगामाचाही आकडा देण्याची सोय तक्त्यात आताच करून ठेवावी. मार्चमध्ये ती सुचली तर उपयोग होत नाही.

यंदा दिनदर्शिकेत आणखी एक पेच आहे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे पुढचे सगळे सण लांबले आहेत. २०२५ मध्ये नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत आणि गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. यंदा नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात आणि चतुर्थी १४ सप्टेंबरला येते. बंदी कागदावर ३१ जुलैला उठली तरी दर्याला नारळ दिल्याखेरीज नौका न काढणारे नाखवे अजून पुष्कळ आहेत, आणि गणपतीत तर बंदरावर चिटपाखरू नसते. त्यामुळे या वर्षीचा ऑगस्ट गेल्या ऑगस्टशी ताडून पाहिला तर उत्पादन घटल्यासारखे दिसण्याची शक्यता मोठी आहे, आणि ते पाहून कोणी मासळीच्या दुष्काळाची टिपणी लिहिली तर दोष आकड्याचा नसेल, तळटीप न देणाऱ्याचा असेल. ही तळटीप एप्रिलमध्येच लिहून तक्त्याखाली चिकटवावी, आणि तुलना ऑगस्ट-सप्टेंबर या जोडीची करावी.

आकडे मागणाऱ्यांच्या तारखा याच दिनदर्शिकेवर उलट्या दिशेने मांडाव्यात. राज्याची आर्थिक पाहणी १९६१-६२ पासून निघते आणि ती अर्थसंकल्पाच्या तोंडावर विधिमंडळात येते. साहजिकच आपल्याकडची माहिती वर्ष पुरे होण्याआधीच मागवली जाते आणि ‘अस्थायी’ असा शेरा घेऊन छापली जाते. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन निराळ्या वेळी माहिती मागते. या दोन ठिकाणी एकाच वर्षाचे दोन आकडे गेले की पत्रकारांचे फोन सुरू होतात. कोणता आकडा कोणत्या महिन्यापर्यंतचा, तो अस्थायी की अंतिम, आणि अंतिम कोणत्या तारखेला होणार, हे अर्ध्या पानात लिहून कार्यालयप्रमुखांची सही घ्यावी. प्रसिद्धीची तारीख आगाऊ जाहीर केली तर आणखी एक फायदा होतो : ‘एवढा आकडा जरा थांबवा’ असे कोणाला सहज म्हणता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने १९९४ मध्ये शासकीय सांख्यिकीची जी १० मूलभूत तत्त्वे मान्य केली आणि २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वीकारली, त्यांचा रोख हाच आहे.

त्यानंतर याद्या. मासळी उतरविण्याच्या केंद्रांची यादी आणि नौकांची यादी या दोन्ही वर्षातून एकदा तरी पायांनी तपासाव्या लागतात. नोंदणी झालेल्या नौका, परवाना चालू असलेल्या नौका आणि प्रत्यक्ष समुद्रात जाणाऱ्या नौका या तीन वेगळ्या संख्या आहेत. नोंदणीच्या रिअलक्राफ्ट पोर्टलवरून पहिली मिळते, दुसरी परवान्याच्या नोंदवहीतून काढता येते, तिसरी मात्र खुर्चीत बसून मिळत नाही. तिच्यासाठी जूनसारखा महिना नाही. नौका ओढून किनाऱ्यावर घेतलेल्या असतात, झापांनी किंवा निळ्या प्लास्टिकने शाकारलेल्या असतात, आणि खाडीच्या कडेने एक चक्कर मारली तर कोणती नौका या हंगामात पाण्यात होती आणि कोणती तीन वर्षे जागची हललेली नाही, हे तिच्या तळाकडे पाहूनच कळते. पाऊस जोर धरण्यापूर्वीचे आठ दिवस या मोजणीसाठी राखून ठेवावेत. ट्रॉलर, पर्ससीन, गिलनेट, डोल अशा नौका-जाळ्यांच्या प्रकारांची नोंद सहसा नीट असते. सुटते ती रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे. रापणीला बंदर लागत नाही, ती जिथे ओढली तिथल्या पुळणीवरच, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरच, मासळीचे वाटे पडतात, आणि केंद्रांच्या यादीत ती पुळण नसते. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या सहकाऱ्यांनी रापण संघांची यादी स्वतंत्र ठेवावी, कारण संघ एक असला तरी वाटेकरी अनेक असतात आणि लाभार्थ्यांच्या यादीवरून उत्पादनाचा अंदाज काढू गेले की एकच मासळी अनेकदा मोजली जाते.

पाहणीचे दिवस कसे निवडायचे याचा घोळ दरवर्षी होतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची जुनी, मुरलेली पद्धत समोर ठेवली तर तो पुष्कळ कमी होईल. तिच्यात केंद्र आणि दिवस मिळून नमुन्याचा पहिला घटक होतो, आणि त्या दिवशी लागलेल्या नौकांमधून दुसरा घटक निवडला जातो. प्रगणक पहिल्या दिवशी दुपारी १२ ते संध्याकाळी ६ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी १२ केंद्रावर उभा राहतो, आणि मधल्या रात्रीची आवक चौकशी करून भरतो. यातले मर्म हे की दिवस आधी चिठ्ठीने ठरतो, प्रगणकाच्या सोयीने नव्हे. सोयीचा दिवस म्हणजे भरपूर मासळीचा दिवस, कारण ओस बंदरावर जाऊन उभे राहावे असे कोणालाच वाटत नाही. आणि अशा दिवसांवरून महिन्याचा अंदाज काढला की तो फुगतो. तेव्हा बाराही महिन्यांच्या चिठ्ठ्या मार्चमध्येच काढून, पाकिटात घालून, महिन्याच्या २५ तारखेला पुढच्या महिन्याचे पाकीट प्रगणकाला द्यावे.

प्रत्येक बंदराची तऱ्हा वेगळी, हेही नियोजनातच धरावे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका धक्क्याला लागतात, तिथे नौका मोजता येते. दापोलीजवळच्या हर्णै बंदरात नौका बाहेर नांगरून राहतात, मासळी होड्यांतून आणि बैलगाड्यांतून पुळणीवर येते आणि सकाळी व दुपार कलल्यावर लिलाव उभा राहतो. तिथे प्रगणकासमोर नौका नसतेच, मासळीचे ढीग असतात. कोणता ढीग कोणत्या नौकेचा हे तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) लिलाव सुरू होण्याआधी विचारले तरच कळते, बोली लागल्यावर कोणाला सवड नसते. अशा केंद्रावर एक प्रगणक पुरत नाही, दोन द्यावेत. शिवाय रत्नागिरीची नौका मुंबईत ससून डॉकला माल उतरवते तेव्हा तो माल मुंबईच्या खात्यात जातो, नौका कुठलीही असो. हा नियम प्रशिक्षणात दोनदा सांगावा, कारण जिल्ह्याचा आकडा वाढवण्याच्या भरात तो पहिल्यांदा विसरला जातो.

मापांकडे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण निम्मी चूक तिथेच शिरते. बंदरावर किलोचा व्यवहार थोडाच असतो; पाटी, टोपली, क्रेट आणि मोठ्या मासळीला नग चालतात. आमच्याकडे अनेक वर्षे पाटीचे एकच वजन धरून गुणाकार होत असे आणि ते वजन कोणी, कधी ठरवले हे कोणालाच ठाऊक नव्हते. एका नोव्हेंबरात आम्ही वजनकाटा घेऊन धक्क्यावर गेलो. बांगड्याची भरलेली पाटी काट्यावर ठेवली, तिच्यातून बर्फाचे पाणी टपकत होते. मग विक्रेत्या बाईंची विनवणी करून तीच पाटी उपसली, बर्फ बाजूला केला आणि नुसता बांगडा तोलला. काट्याचा आकडा इतका खाली आला की आमचा प्रगणक माझ्याकडे आणि बाई आम्हा दोघांकडे पाहत राहिल्या. ‘बर्फ पण तुम्ही मासळीतच धरता काय?’ असे त्यांनी विचारले, त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. येत्या वर्षी प्रत्येक मोठ्या केंद्रावर हंगामातून तीनदा, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, डिसेंबर आणि एप्रिलमध्ये, पाटी व क्रेट बर्फाविना तोलून रूपांतराचा तक्ता नवा करावा आणि तक्त्यावर तोलल्याची तारीख व केंद्राचे नाव घालावे. काट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे ना, हे आधी पाहावे.

नावांचेही तसेच. उत्तरेकडची सुरमई दक्षिणेकडे इसवण होते, आणि ‘इतर’ या रकान्यात तर अर्धा समुद्र मावतो. तारली आणि पेडवे एका ओळीत कोंबू नयेत. प्रगणकाला स्थानिक नाव जसेच्या तसे लिहू द्यावे, जातीचा संकेतांक कार्यालयात लावावा.

आता शून्य. पत्रकातले शून्य आणि पत्रकातली मोकळी जागा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पटवून देण्यात माझी बरीच वर्षे गेली. एका कार्यालयात सप्टेंबरच्या पत्रकात एका केंद्रापुढे लागोपाठ तीन पाहणी-दिवस शून्य लागले होते. वर ते तसेच गेले, महिन्याचा अंदाज कोसळला आणि खुलासा मागवला गेला. चौकशीत निघाले ते एवढेच की प्रगणक गणपतीला गावी गेला होता आणि संगणकावर भरणाऱ्याने रिकाम्या चौकटी शून्याने भरल्या होत्या, कारण त्याखेरीज पत्रक पुढे सरकत नव्हते. येत्या वर्षीच्या पत्रकात तीन खुणा वेगळ्या ठेवाव्यात : पाहणी झाली आणि मासळी आली नाही, पाहणी झालीच नाही, केंद्र वादळामुळे किंवा आदेशाने बंद होते. बंदीच्या दोन महिन्यांतही सरसकट शून्य टाकू नये. बंदी यांत्रिक नौकांना आहे; बिगरयांत्रिक होड्या, पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकणारे आणि खाडीतले मासेमार यांची मासळी आषाढातही घरोघरी शिजत असते.

एक अडचण अशी की आपल्याकडे आकडे गोळा करणारा आणि परवाना तपासणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे, २०२१ च्या सुधारणेने त्यातले दंड वाढले. पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच काळ मोकळा. अशा वेळी जानेवारीत तांडेलाला ‘कोणते जाळे, किती माल’ असे विचारल्यावर तो खरे सांगेल अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे आहे. शक्य तिथे कारवाईचा माणूस आणि मोजणीचा माणूस वेगळा ठेवावा. शक्य नसेल तिथे निदान दिवस वेगळे ठेवावेत. सांख्यिकीसाठी घेतलेली एका नौकेची माहिती दंडाच्या कामी वापरली जाणार नाही, असा लेखी आदेश वर्षारंभी निघावा आणि त्याची प्रत प्रगणकाच्या वहीत असावी. पुळणीवर कोणी हटकले तर तोंडी आश्वासनापेक्षा तो कागद उपयोगी पडतो.

यंदा मनुष्यबळाचाही हिशेब वेगळा आहे. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. घरयादीचे काम २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात आणि प्रत्यक्ष गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये असल्याने आपली माणसे तिकडे जाणार, हे गृहीत धरून फेब्रुवारीसाठी बदली प्रगणक आताच शोधावेत. नवी लोकसंख्या हाती येईपर्यंत दरडोई मासळीचे आकडे जपून द्यावेत. रत्नागिरीची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गातही घटच होती. दोन गणनांच्या वाढीवरून पुढचा अंदाज काढण्याची नेहमीची रीत चाकरमान्यांच्या या जिल्ह्यांत चालवताना हात आखडता घ्यावा.

किरकोळ वाटणारी पण अडवणारी कामे थोडक्यात : पावसात टिकेल असे वहीचे वेष्टन, रेंज नसलेल्या बंदरांसाठी कागदी पत्रक, प्रवासभत्त्याची तरतूद पहिल्या तिमाहीतच. जुन्या वह्या तळमजल्यावर ठेवू नयेत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी किती चढले ते सर्वांनी पाहिले आहे. ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते ही दोन्ही वादळे हंगामाच्या सीमेवर आली, तेव्हा मे-जूनची पत्रके आठवड्याच्या आठवड्याला वर पाठवून मोकळे व्हावे.

राहता राहिली दुरुस्ती. अंतिम झालेला आकडा चुकीचा निघाला तर तो गुपचूप बदलू नये. जुना, नवा, कारण आणि तारीख अशी ओळ दुरुस्ती-वहीत लिहावी व पुढच्या प्रकाशनात छापावी. संशोधन संस्थेचा आणि आपला आकडा तंतोतंत जुळत नाही म्हणून आपला ओढूनताणून जुळवू नये, पद्धतीतला फरक दोन वाक्यांत सांगावा. बदली झालेल्याने ही वही, रूपांतराचा तक्ता आणि उरलेली बंद पाकिटे नव्या माणसाच्या हाती सही घेऊन द्यावीत, आणि शक्य झाल्यास त्याला एकदा पहाटे बंदरावर घेऊन जावे.