सौरप्रकल्पांतून किती जणांना काम मिळेल? अंदाज असा बांधा

‘जिल्ह्यात ३०० मेगावॅट सौरऊर्जा येणार, प्रत्येक मेगावॅटला ३.४५ माणसं, म्हणजे १,०३५ नोकऱ्या.’ हे गणित सर्रास मांडलं जातं, आणि ते चुकीचं आहे. त्यावर विसंबून आयटीआयच्या तुकड्या वाढवल्या, तर फटका मुलांना बसतो.

आधी वर्षवार तक्ता करा: त्या वर्षी नव्याने उभे राहणारे मेगावॅट एका रकान्यात, आधीपासून चालू असलेले दुसऱ्यात. जमिनीवरचे आणि छतावरचे प्रकल्प कधीही एकत्र करू नका. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या ऊर्जा-पर्यावरण क्षेत्रातल्या संस्थांच्या अभ्यासात जमिनीवरच्या एका मेगावॅटला ३.४५ मनुष्यवर्षं (मनुष्यवर्ष म्हणजे एका माणसाचं वर्षभराचं काम) धरली आहेत, छतावरच्या मेगावॅटला २४.७२. फरक साहजिक आहे. छतावरचा एक मेगावॅट म्हणजे ३ किलोवॅटची सुमारे ३३३ घरं. प्रत्येक घरी पाहणी, आराखडा, चढउतार, नेट मीटरची (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरची) जोडणी वेगळी.

३.४५ पैकी ०.५ देखभालीचे. ते काम प्रकल्प चालू असेपर्यंत दरवर्षी असतं. उरलेलं २.९५ उभारणीपर्यंतचं, एकदाच मिळणारं.

आता तीन वर्षं दरवर्षी १०० मेगावॅट जमिनीवर बसतात आणि मार्चअखेर सुरू होतात असं धरू. पहिल्या वर्षी २९५ मनुष्यवर्षांचं काम. दुसऱ्या वर्षी २९५ अधिक ५०, म्हणजे ३४५. तिसऱ्या वर्षी ३९५. चौथ्या वर्षी नवं काहीच नाही, तर उरतात फक्त १५०: गवत काढणं, पॅनेल धुणं, पहारा, इन्व्हर्टरची देखरेख. नियोजनकर्त्याने सर्वांत आधी पाहायला हवी ती हीच घसरण.

मनुष्यवर्ष आणि नोकरी यांत गल्लत करू नका. साइटवर ४० जण तीन महिने राबले तर ती १० मनुष्यवर्षं, ४० नोकऱ्या नव्हेत. क्षमता डीसी (पॅनेलची) की एसी (इन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या विजेची), हेही तपासा. १०० मेगावॅट एसीच्या प्रकल्पावर १३० मेगावॅटचे पॅनेल असू शकतात, आणि गुणक (दर मेगावॅटमागची मनुष्यवर्षं) एसीवर बेतलेला व आकडा डीसीचा असला की अंदाज तिथेच ३० टक्के फुगतो.

मग स्थानिक वाटा काढा. कुंपण, पायाचे खड्डे, केबलचे चर यांना गावचे मजूर लागतात. इन्व्हर्टर सुरू करणारे तंत्रज्ञ बहुधा बाहेरून येतात. पॅनेलचा कारखाना जिल्ह्यात नसेल तर तिथला रोजगार मोजू नका. ठेकेदाराकडून हजेरीपट मागवून हा वाटा ठरवा.

गुणकही दर दोन वर्षांनी तपासा. खांब ठोकायला यंत्र आणि धुलाईला रोबो आले की माणसं कमी लागतात. म्हणून एकच आकडा न देता २० टक्के कमी गुणकाचा दुसरा तक्ताही सोबत जोडा.