जुनं मनगटी घड्याळ घेताय? या चुका टाळा

घड्याळ कानाला लावलं, टिकटिक ऐकू आली, की सौदा पक्का! बहुतेकांची चूक इथेच होते. आतलं तेल सुकलेलं मशीनही चालतं, फक्त झिजत झिजत चालतं. उलट बंद पडलेलं मशीन कारागीर बहुतेक वेळा चालू करून देतो. डायल आणि केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, मात्र एकदा हातची गेली की गेली. त्यामुळे आधी त्यांच्याकडे बघा.

साठ वर्षांपूर्वीची डायल आरशासारखी लख्ख दिसली, तर खूश होण्याआधी दहापट भिंग लावा. पुन्हा रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड आणि पसरट दिसतात, मिनिटांच्या रेघा कमी-जास्त जाडीच्या असतात, तळाचं ‘स्विस मेड’ कडेला अर्धवट कापलेलं किंवा गायबच असतं. माझ्या मते अशा नव्या रंगापेक्षा डागाळलेली मूळ डायल केव्हाही बरी. अंधारात चमकणारा रंगही तपासा. डायलवरचे ठिपके पिवळसर आणि काटे पांढरेशुभ्र असतील, तर काटे नंतर बसवलेले असण्याची शक्यता मोठी. डायलवरची ‘टी’ ही खूण ट्रिटियमची, म्हणजे हा रंग चमकवणाऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याची. त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे 12 वर्षं, म्हणजे असं जुनं घड्याळ आज रात्रभर झगझगत असेल तर रंग नवा आहे. त्याआधीच्या घड्याळांत रेडियम सापडतं, तेही किरणोत्सर्गी. अशा घड्याळाची काच उघडून रंग खरवडायला जाऊ नका.

केस चकाकते, पण पट्टा अडकतो त्या शिंगांच्या कडा गोलसर झाल्यात? म्हणजे पॉलिश करकरून धातू उडवलाय. काचेवरच्या ओरखड्यांवरून मात्र घासाघीस करू नका, प्लास्टिकची काच पॉलिशने साफ होते.

मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. चावीच्या दांड्याजवळ गंज, स्क्रूच्या खाचा फाटलेल्या, मशीनवरचं नाव डायलवरच्या नावाशी न जुळणारं, असं काही दिसलं की किंमत खाली आणा, नाहीतर सोडून द्या. टाइमग्राफर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) मिळाला तर पूर्ण चावी देऊन घड्याळ आडवं ठेवा. बॅलन्सचा, म्हणजे मशीनमधल्या मागेपुढे फिरणाऱ्या चाकाचा, झोका 200 अंशांच्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच बोला. दिवसाला काही मिनिटं पुढे पळत असेल तर घाबरू नका, हेअरस्प्रिंगला (त्या चाकाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला) चुंबकत्व लागलेलं असू शकतं आणि ते काही सेकंदांत उतरवता येतं.

आणि झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ कोरलेलं असलं तरी नळाखाली धरून बघू नका. आतलं रबर कधीच कडक झालेलं असतं.